निर्मळ पाणी, निर्दोष पाणी

“आजोबा, पाणी आरशासारखें आहे, मग मासे कां मेले?” हा प्रश्न गेल्या वैशाखांत माझ्या नातवानें मला विचारला, आणि चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देणारा मी निरुत्तर झालों. कारण, पुढें कळलें तें असें कीं, ते मासे मीच मारले होते.

हकीकत अशी. नातवानें गच्चीवर एक लहान हौद मांडला असून त्यांत शोभेचे सोनेरी मासे सोडले आहेत. (आमच्या घरांत त्यांस दुसरें भय नाहीं!) हौदांतील पाणी पंपानें खड्यांच्या वाफ्यांत चढतें, तेथें पालक व पुदिना वाढतो, आणि गाळलेलें पाणी पुनः हौदांत पडतें. या जोडशेतीस इंग्रजींत अ‍ॅक्वापॉनिक्स म्हणतात. खड्यांवर चढलेला तपकिरी, बुळबुळीत थर माझ्या सोवळ्या मनास सहन होईना. मीं सारे खडे नळाखालीं घासून घेतले. पाणी लख्ख झालें. चौथे दिवशीं मासे वर येऊन तोंडें वासूं लागले, दोन मेले.

नातवानें पाणी तपासण्याचें साहित्य आणविलें तेव्हां उलगडा झाला. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडीत असतात. खड्यांवरच्या त्या थरांतील एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटाचें नायट्रेट करितात, आणि नायट्रेट हेंच पालकाचें अन्न! रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे करून दाखविले. माझ्या घासण्यास व नळाच्या पाण्यांतील क्लोरीनला ते बळी पडले, आणि अमोनिया सांचत गेला. अमोनिया व नायट्राइट दोन्ही पाण्यांत डोळ्यांस दिसत नाहींत. नायट्राइट तर माशाचें रक्तच तपकिरी करितें. मग पाण्यांत प्राणवायु असूनहि तो गुदमरतो. संस्कृतांत स्वच्छ जलास ‘प्रसन्न’ म्हणतात, पण तें प्रसन्नत्व केवळ पाहणाऱ्याचें.

नुसता अमोनियाचा आंकडा पाहूनहि भागत नाहीं. शेतकीचे जाणकार ज्यास ‘सामू’ म्हणतात तो ७ चा ८ झाला, तर त्याच अमोनियाचा विषारी अंश सुमारें दहापट होतो. उष्णतेनेंहि तो वाढतो, आणि ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. म्हणून वैशाखांतली दुपार फार जपावी. उलट, जंतूंच्या कामानें आम्ल उत्पन्न होऊन सामू हळूहळू उतरतो. तो ६ च्या खालीं गेला कीं जंतूंचेंच काम मंदावतें. यास उपाय शिंपल्यांच्या चुऱ्याची पुरचुंडी.

आम्हीं माशांचा दाणा बंद केला, हवेचा पंप लावला, आणि हौदांतील एकतृतीयांश पाणी काढून रात्रभर उघड्या बादल्यांत ठेवलेलें पाणी घातलें. जंतूंची वस्ती पुनः बसावयास पांच आठवडे लागले. खडे धुवावयाचेच तर थोडे थोडे, तेहि हौदाच्याच पाण्यांत खळबळून घ्यावे.

आतां दर रविवारीं नातू परीक्षानळ्यांत थेंब मोजतो व मी वही लिहितों. गेल्या रविवारची नोंद : दर लिटरास अमोनिया ०.२५ मिलिग्रॅम, नायट्राइट ०, नायट्रेट ४०, सामू ६.८. पालकाचीं कोंवळीं पानें जरा पिवळीं दिसतात. लोह कमी पडत असावें, असा नातवाचा तर्क आहे. मला त्यानें विचारलें नाहीं.