सुरतेच्या दाखल्यावरचा ‘भाई’

नवापूरचे रेल्वे स्टेशन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. बाकाचे एक टोक इकडे, दुसरे तिकडे. बाहेरगावचे प्रवासी उतरून तेथे फोटो काढतात. आम्हांला त्याचे फारसे अप्रूप नाही. आमच्या गावांतून सुरतेला पोटासाठी निघालेला पोरगा त्या बाकाकडे पाहतही नाही. व्यारा, बारडोली मागे टाकून तो उधन्याला उतरतो आणि कामाला लागतो. खरी सीमा त्याला पुढे वीस वर्षांनी भेटते, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर.

आमच्या नात्यातील एक गृहस्थ पंचवीस वर्षे लूमवर काम करून गेल्या जूनमध्ये गावी परतले. लूमच्या खडखडाटाने कान अधू झालेले, हाताशी चार पैसे आणि आठवी झालेला मुलगा. मुलाला इकडच्या शाळेत घालायचे आणि जातीचा दाखला काढायचा, एवढेच काम. शाळा सोडल्याचा दाखला गुजरातीत होता. तो कसाबसा वाचला गेला. पण बापाच्या नावाला ‘भाई’ आणि आईच्या नावाला ‘बेन’ जोडलेले! आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यावर मात्र नुसते नाव. तालुक्याच्या कचेरीत सांगण्यात आले की ही दोन नावे जुळत नाहीत, प्रतिज्ञापत्र करा, भाषांतर जोडा, मग या.

“अहो भाऊसाहेब, भाई म्हणजे आपला भाऊच की!” गृहस्थ म्हणाले. उपयोग झाला नाही. आता गंमत पाहा. कारकुनाला आपण सारेच भाऊसाहेब म्हणतो, पण त्याच्या पगारपत्रकावर तसे कोणी लिहीत नाही. सुरतेत आमचा रोहिदास गल्लीत रोहिदासभाई होतो तो मानाने आणि प्रेमाने. मास्तरांनीही तो शब्द आदरानेच लिहिला असणार. तोंडातला मान कागदावर चढला आणि इकडे येऊन संशय ठरला. यात तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी आणि स्टँपपेपरचा खर्च गेला, तो वेगळाच.

कोणी म्हणेल, दाखला तिकडेच का काढला नाही? अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात. दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या माणसाला तेथे त्या सवलती आपोआप लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला आहे. तेव्हा सुरतेत जन्मलेल्या मुलालाही कागदासाठी आजोबांच्या गावीच यावे लागते.

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० आठवते. शाळेत तेवढेच शिकवले जाते. पण मराठी व्याकरणाचे पुस्तक लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर याच सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी तेथे मानवधर्म सभा काढली, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? गुजरातीचा पहिला मोठा शब्दकोश रचणारे कवी नर्मदही सुरतेचेच. दोन भाषांची शहाणी माणसे एका गावात नांदली. आजही लिंबायत, उधन्याच्या गल्ल्यांतून फिरावे, कानावर अहिराणी पडते. आमचे ‘शे’ आणि त्यांचे ‘छे’ यांत अंतर ते किती? बाजारात त्यावाचून कोणाचे अडत नाही. अडते ते कचेरीत.

गुजरातने २०२३ साली कायदा करून पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती सक्तीची केली, तेव्हा आपल्याकडे काहींनी अन्याय झाल्याची ओरड केली. आम्हांला ती पटली नाही. महाराष्ट्राने मराठीसाठी असाच कायदा २०२० साली केला होता. आणि २०२५ साली पहिलीपासून हिंदी नको म्हणून जो गदारोळ झाला, त्यात आपण सारे एका बाजूला होतो. ज्या राज्यात पोट भरायचे तेथील भाषा मुलाने शिकावी, यात गैर काही नाही. मात्र त्याच मुलाला स्वतःच्या भाषेत प्राथमिक शिक्षण मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेचे कलम ३५० अ सांगते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ते आले. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. आमचे लोक तेथे मुले घालत नाहीत, हे दुखणे आपले आहे, त्याचा दोष गुजरातेवर ढकलता येणार नाही.

आमची मागणी अगदी लहान आहे. नंदुरबार, धुळे जिल्ह्यांतील सीमेलगतच्या कचेऱ्यांत गुजराती वाचता येणारा एक तरी माणूस असावा, आणि ‘भाई’, ‘बेन’ हे नावाचे भाग नव्हेत एवढे एका परिपत्रकाने कळवावे. तक्रारीचा अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, असे कलम ३५० म्हणते. मग गुजराती दाखल्याचेच एवढे वावडे का? सुरतेत मुले असलेल्या वाचकांनीही शाळेत नाव घालतानाच जन्मदाखला पुढे ठेवावा आणि त्यावर आहे तसेच नाव लिहून घ्यावे. मास्तर रागावत नाहीत.

आमच्या गृहस्थांचे काम चौथ्या खेपेस झाले. धाकटी मुलगी मात्र अजून सुरतेच्या शाळेत आहे, मामाकडे राहते. तिच्या रजिस्टरात काय लिहिले आहे ते पाहायला ते दिवाळीनंतर जाणार आहेत.