सर्व्हर ‘डाऊन’ होतो, तेव्हा दोष कुणाचा?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आली की संकेतस्थळ हटकून बंद पडते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे सांगून कारकून मोकळा होतो आणि मुदत हुकली म्हणून विद्यार्थीच दोषी ठरतो. जणू सर्व्हर बंद पडणे ही दैवी आपत्तीच! पण तिला कारणे आहेत आणि ती जगाला कधीपासून ठाऊक आहेत.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कले विद्यापीठ यांच्यातील संगणकजाळ्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून अवघ्या ४० बिटवर कोसळला. अंतर होते जेमतेम ४०० यार्ड. मग घडले काय?

संगणक मजकुराचे लहान लहान तुकडे करून पाठवतो. त्यांना पॅकेट म्हणतात. वाटेतल्या राऊटरमध्ये ती क्षणभर थांबवण्यापुरतीच जागा असते. लोंढा आला की जागा भरते आणि पुढची पॅकेट टाकून दिली जातात. पोच मिळाली नाही म्हणून पाठवणारा संगणक तेच पुन्हा पाठवतो. गर्दी वाढते, आणखी पॅकेट गळतात. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला : सुरुवात हळू करा, पोच येईल तसा वेग वाढवा, पॅकेट गळले की वेग कमी करा.

यंत्रे ही शिस्त शिकली. प्रशासन शिकले काय? २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता १८ ते ४४ वयोगटाची लसनोंदणी देशभर एकाच वेळी खुली झाली आणि कोविन अडखळले. तो लोंढा अनपेक्षित नव्हता. वेळ सरकारनेच जाहीर केली होती. अशा वेळी घरी वेगवान इंटरनेट असलेला दहा वेळा प्रयत्न करतो. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजणाऱ्या पोराला ते परवडत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. अर्जाच्या तारखा जिल्हावार विभागा, शेवटच्या दिवसाचा भार धरून क्षमता ठेवा आणि संकेतस्थळ जितका वेळ बंद, तितकी मुदतवाढ आपोआप द्या. विद्यार्थ्यांनीही बटण पुन्हा पुन्हा दाबू नये; बंद पडद्याचे तारीख-वेळेसह छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

पोच नसेल तर यंत्रसुद्धा पॅकेट पोहोचले असे मानत नाही. मग आपण तरी तोंडी आश्वासनावर का विसंबावे?