विश्लेषण : ब्रेकमध्ये वंगण कशासाठी? लायनर टिकतो कसा आणि त्याची धूळ जाते कुठे?

ब्रेक लायनरला तेल लागले की मेकॅनिक तो बदलायलाच सांगतो. पण त्याच लायनरमध्ये कारखान्यातच वंगण मिसळलेले असते, हे किती जणांना माहीत असते? हे वंगण तेल किंवा ग्रीस नसते, घन असते. बहुतेक वेळा ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला काळा पदार्थ. तुमच्या स्कूटरच्या ब्रेक शूमध्ये ते आहे, डोंबिवली स्थानकाबाहेरच्या रिक्षांमध्ये आहे आणि ठाणे-कल्याण लोकलच्या चाकांवर दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्यांतही आहे.

लायनर म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. फिनॉलिक रेझिन हा त्यातला गोंद. त्यात काच, ॲरामिड किंवा पोलादाचे तंतू ताकदीसाठी घालतात. सोबत खनिजांची भुकटी, थोडे रबर आणि घन वंगण. ही सगळी भेळ गरम साच्यात दाबून लायनर तयार होतो. कोणता घटक किती घ्यायचा, हे प्रत्येक कंपनीचे गुपित असते.

थांबवायचे आहे, मग घसरडे कशाला?

ब्रेकला नुसते जास्त घर्षण नको असते, एकसारखे घर्षण हवे असते. घर्षण अनियमित झाले की ब्रेक किंचाळतो, गाडी हिसके देते, ड्रमवर चरे पडतात. घाटात सतत ब्रेक दाबला तर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, रेझिन विघटित होऊ लागते आणि पकड सुटते. घोडबंदर रोडवर गायमुखचा उतार उतरणाऱ्या अवजड वाहनांच्या चालकांना हे वेगळे सांगायला नको.

ग्राफाइटची रचना पापडांच्या चळतीसारखी आहे. प्रत्येक थर स्वतः मजबूत, पण दोन थरांमधली पकड अगदी सैल. घासले की थर सुटतात आणि समोरच्या धातूवर पातळ लेप बसतो. खरी कामगिरी हा लेप करतो. त्यानंतर लायनर थेट लोखंडावर कमी आणि लेपावर जास्त घासतो. तंतू घासून तुटतात तेव्हा, विशेषतः काचेच्या तंतूंचे, टोकदार तुकडे मोकळे होतात आणि वाळूच्या कागदासारखे काम करतात. लेप चांगला बसला असेल तर या तुकड्यांची धार बोथट होते. भार तंतूंनी पेलायचा आणि झीज वंगणाने आवरायची, अशी ही वाटणी आहे.

मग भरपूर ग्राफाइट घालावे? इथेच गणित उलटते. वंगणाची भुकटी रेझिनला घट्ट चिकटत नाही. प्रमाण वाढले की ती गोळा होते, तंतूंना धरून ठेवायला रेझिन पुरत नाही, ते उपटून येतात आणि झीज पुन्हा वाढते. पकड कमी होते ती वेगळीच. त्यामुळे झिजेचा आलेख आधी खाली येतो आणि एका प्रमाणानंतर वर चढतो. ते प्रमाण तंतू कोणता, दाब किती, वेग किती यावर बदलते.

उलटे उदाहरण पीटीएफईचे. नॉनस्टिक तव्यावरचा हा पदार्थ विलक्षण घसरडा आहे, पण एकटा वापरला तर भराभर झिजतो. त्यात काच किंवा कार्बनचे तंतू घातले की झीज शंभर पटींनी किंवा त्याहूनही जास्त घटू शकते. रासायनिक कारखान्यांतल्या व्हॉल्व्हच्या सीट आणि तेलविरहित कॉम्प्रेसरच्या रिंगा अशाच मिश्रणाच्या असतात. घसरडा पदार्थ आणि टिकाऊ पदार्थ एकच असेल असे नाही, एवढे यातून कळावे.

हवामानाचाही हात असतो. ग्राफाइटच्या थरांना सहज सरकायला हवेतली वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश काही तासांतच झिजून जात, कारण तिथली हवा कोरडी होती. मॉलिब्डेनम डायसल्फाइड नेमके उलटे वागते. त्याला कोरडेपणा मानवतो, दमट हवेत ते मंदावते. जुलैतल्या ठाण्यात आणि मे महिन्यातल्या विदर्भात एकच लायनर अगदी सारखा वागेल, अशी अपेक्षा त्यामुळे धरू नये. प्रयोगशाळेत झीज मोजतात ती बहुधा फिरत्या चकतीवर छोटी पिन ठरावीक भाराने दाबून. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग ओळखीचा असेल. तिथे खड्डे नसतात, चिखल नसतो आणि ट्रिपल सीट तर नसतेच.

लोकलचे काय?

ठाण्याहून कल्याण सुमारे २० किलोमीटर. धीमी लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करत कल्याणला पोहोचते, म्हणजे सात वेळा थांबते. बारा डब्यांच्या गाडीला ९६ चाके. पूर्वी चाकांवर ओतीव लोखंडाचे ठोकळे दाबले जात. ते जड असत, वेग वाढला की त्यांची पकड कमी होई आणि चाकाचा पृष्ठभाग खडबडीत होऊन आवाज वाढे. आता कंपोझिट ठोकळे आले आहेत. ते हलके आहेत, पण उष्णता वाहून नेत नाहीत, त्यामुळे ती चाकात जाते. ठोकळा कमी झिजवण्याच्या नादात चाकाला तडे गेले तर सौदा महागात पडतो. नव्या लोकलमध्ये बराचसा वेग मोटरच कमी करते आणि वीजही परत मिळते. त्यामुळे ठोकळ्यांवरचा ताण घटला आहे.

धुळीचा हिशेब

माझा आक्षेप इथे आहे. झिजलेला लायनर नाहीसा होत नाही, त्याची धूळ होते. पीयूसी चाचणी फक्त सायलेन्सरमधून येणारा धूर तपासते, ब्रेकच्या धुळीकडे पाहतही नाही. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकच्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली : बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विद्युत मोटारींना ३. कॅलिफोर्नियाने पॅडमधले तांबे २०२५ पासून ०.५ टक्क्यावर आणले. घन वंगण म्हणून वापरले जाणारे अँटिमनी सल्फाइडही निर्धोक नाही. त्रिसंयुजी अँटिमनीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘बहुधा कर्ककारक’ ठरवले आहे. आपल्याकडे मात्र चर्चा ‘किती किलोमीटर चालतो’ इथेच थांबते. जास्त टिकणारा लायनर चांगला, हा समजही अर्धवट आहे. फार कडक लायनर स्वतः टिकतो आणि ड्रम खातो. ड्रम बदलण्याचा खर्च लायनरच्या कितीतरी पट असतो.

त्याहून गंभीर प्रश्न ॲस्बेस्टॉसचा. त्याचे तंतू स्वस्त आणि उष्णता सोसणारे, म्हणून दशकानुदशके लायनरमध्ये वापरले गेले. ते कर्करोगकारक आहेत हे सिद्ध झाले आहे, तरीही भारतात त्याच्या एका प्रकाराची, क्रायसोटाइलची, आयात होते. सुटा, बिनपाकिटाचा लायनर घेताना त्यात काय आहे हे विचारायची सोयच नसते. पाकिटावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ हे शब्द सक्तीचे हवेत, असे माझे मत आहे. अनेक पॅडच्या कडेला ‘एफएफ’सारखी दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. झीज किती, धूळ कसली, हे त्यावरून कळत नाही.

आणि गॅरेजमध्ये काय होते? ड्रम उघडला की कॉम्प्रेसरच्या हवेचा फवारा मारून धूळ उडवतात. ती मेकॅनिकच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या ग्राहकाच्या नाकात जाते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत ब्रेकच्या कामासाठी ओल्या पद्धतीने धुण्याची किंवा धूळ खेचणाऱ्या बंद पेटीची पद्धत घालून दिली आहे. महापालिकांच्या बस आगारांत तरी ही शिस्त लावायला नव्या कायद्याची गरज नाही. छोट्या गॅरेजला बादलीभर पाणी आणि ओले फडके पुरते. पुढच्या सर्व्हिसिंगला हवेचा पाइप दिसला, तर फडक्याने पुसायला सांगा आणि तोवर दोन पावले लांब उभे राहा.