गुणांकाच्या तराजूत माणूस

यकृत पूर्णतः निकामी झाले की दुसऱ्याच्या यकृताचे रोपण हाच उपाय उरतो. दाते मोजके, प्रतीक्षेत असंख्य. मग प्रथम कोणास द्यावे? कुवेतमध्ये अवयवरोपणाचा कायदा १९८७ मध्ये झाला, भारतात १९९४ मध्ये. कायदे झाले, तरी हा प्रश्न सुटत नाही.

अमेरिकेत २००२ पासून ‘मेल्ड’ गुणांकाने क्रम लागू लागला. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ यांसारख्या मापांवरून, रोपणाविना रोगी तीन महिन्यांत दगावण्याचा धोका तो सांगतो. त्यात वशिल्यास स्थान नाही, म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु रोपणानंतर रोगी किती जगेल, हे भाकीत त्यास नीट साधत नाही.

शिवाय मापही निर्दोष नसते. स्नायू कमी असल्याने स्त्रियांचे क्रिएटिनिन कमी भरते. परिणामी त्यांचा धोका वर्षानुवर्षे कमी लेखला गेला. ही चूक तेथे २०२३ मध्ये सुधारण्यात आली. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये आलेल्या पद्धतीत रोपणाने वाढणारे आयुष्य मोजले गेले, पण पाच वर्षांपुरतेच. चाळीस वर्षे जगू शकणारा तरुण त्यामुळे मागे पडतो, अशी टीका झाली.

आमची खरी चिंता याहून खोल आहे. रोपणानंतर शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून सामान्यतः आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. ज्याला ती परवडत नाहीत, तो लवकर दगावतो. उद्या अशा मृत्यूंवरूनच भाकिताचे गणित बांधले, तर दारिद्र्याचा परिणाम हा रोग्याचाच दोष ठरेल. आधी विद्या नाकारायची आणि मग अपात्र म्हणून हिणवायचे, हा न्याय आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे!

राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. प्रतीक्षायादीत समता आणि यादीच्या दाराशी विषमता, हे त्याच विसंगतीचे रूप होय.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. भाकिताची पद्धत जाहीर असावी, तिची वेळोवेळी तपासणी व्हावी आणि गरिबाच्या औषधांचा भार शासनाने उचलावा. रुग्णसेवा हा तथागतांचा उपदेश आहे. तेव्हा कुवेतमधील प्रत्येक धम्मबांधवाने अवयवदानाचा विचार आजच आपल्या कुटुंबीयांपाशी बोलून ठेवावा. दान आम्ही देऊच. न्यायाचा हिशेबही मागू.

जय भीम! नमो बुद्धाय!