फ्राय, बॉईल, मिक्स, ग्राइंड

गेल्या महिन्यात माझ्या नातीने एक मोठं काम केलं. माझ्या सासूबाईंची पाककृतींची जुनी वही तिने कॉम्प्युटरवर उतरवली आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवली. वहीची पानं पिवळी पडलेली, त्यावर तेलाचे डाग, अक्षर लागता लागत नाही. सगळ्यांचे कौतुकाचे फोन आले. मलाही आनंद झाला.. पहिलं पान वाचेपर्यंत!

सासूबाईंनी लिहिलं होतं: खोबरं भाजून बारीक वाटावे, दाणे भाजून जाडसर कुटावे, डाळ भरडून घ्यावी. नातीच्या प्रतीत तिन्हीकडे एकच, 'ग्राइंड करा'. कांदा परतायचा होता तो 'फ्राय' झाला, कुरडया तळायच्या होत्या त्याही 'फ्राय'. बटाटे उकडणं, पाणी उकळणं, डाळ शिजवणं, सगळं 'बॉईल'. कालवणं, ढवळणं, घोटणं, मळणं, सगळं 'मिक्स'. "आजी, सगळ्यांना सोपं जावं म्हणून केलं," असं ती म्हणाली.

मंडळी, माझं भांडण या 'सोपं'शी आहे.

पण आधी एक सांगते. मी शुद्धीकरणवाली नाही. बटाटा, पाव, काजू ही नावं पोर्तुगीजांबरोबर आली आणि आपलीच झाली. कुकर, मिक्सर, गॅस हे शब्द मी रोज वापरते. आपल्या घरात ओव्हन नव्हता, त्यामुळे केक 'बेक' करायलाही माझी हरकत नाही. नवी वस्तू येते तेव्हा आपलं नाव बरोबर घेऊन येते. पण वाटणं, कुटणं, भरडणं तर आपल्या घरातच होतं! घरात भरलेला डबा असताना शेजारून रिकामा डबा मागून आणावा, तसलाच हा प्रकार.

सोपं झालं म्हणता, तर खरंच झालं का? माझ्या एका भाचीने ती प्रत वाचून दाणे 'ग्राइंड' केले. मिक्सर फिरत राहिला, दाण्यांना तेल सुटलं आणि कुटाच्या जागी चिकट गोळा हाती आला. मग तिचा फोन, "मामी, किती ग्राइंड करायचं?" वहीत 'कुटावे' होतं. त्या शब्दातच उत्तर होतं. इंग्रजीत हीच गोष्ट सांगायला 'कोर्स ग्राइंड', 'शॅलो फ्राय', 'डीप फ्राय' अशा विशेषणांच्या कुबड्या लागतात. परतणं आणि तळणं यांना त्या लागत नाहीत.

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. आपल्याकडे पदार्थाचं नाव पुष्कळदा त्याच्या कृतीतूनच जन्मतं. वाटतात ते वाटण, कुटतात ते कूट, ठेचतात तो ठेचा, भरडतात तो भरडा, भाजून दळतात ती भाजणी, विरजतात ते विरजण, कालवतात ते कालवण. क्रियापद गेलं की ही नावं पोरकी होतात. माझ्या नातवाने मला एकदा विचारलं होतं, "उकडीचे मोदक म्हणजे बॉईल्ड मोदक ना?" मी हसले. आता हसू येत नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढतात हे त्याला त्या शब्दातून दिसायला हवं होतं.

कुणी म्हणेल, इंग्रजीनेही बाहेरून शब्द घेतलेच की. घेतले. 'बॉईल', 'फ्राय', 'रोस्ट' हे तिन्ही शब्द फ्रेंचमधून तिकडे गेले. पण त्याची किंमतही त्या भाषेने मोजली. उकळण्याला त्यांचा जुना शब्द होता 'सीद'. 'बॉईल'ने त्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं. आज तो मुख्यतः माणसाच्या रागापुरता उरला आहे. 'लेडी' या शब्दाचा मूळ अर्थ पाव मळणारी. आज किती इंग्रज बायकांना त्यात पीठ दिसत असेल? जे त्यांचं झालं ते आपलं व्हायला नको, एवढंच माझं म्हणणं.

"भाषा बदलतेच" हे वाक्य मी वर्गात स्वतः कित्येकदा सांगितलं आहे, आजही मानते. पाटा गेला, उखळ गेलं, तेव्हा काही शब्द जाणारच. पण कांदा आजही आपण परततोच ना? हात तेच करतोय आणि तोंड मात्र दुसरंच बोलतंय. याला बदल नाही, आळस म्हणतात.

आणि खरं सांगायचं तर दोष नातीचा नाहीच. आमच्या घरात 'फ्राय' मीच आणला. शाळेतून दमून आल्यावर सुनेला म्हणायचे, "कांदा जरा फ्राय करून ठेव." तेव्हा ते ऐटीचं वाटायचं. सासूबाई चौथी शिकलेल्या, मी बी.ए. पण स्वयंपाकघरातलं मराठी त्यांचं माझ्यापेक्षा श्रीमंत होतं, हे कळायला सत्तरी उलटावी लागली.

तर नातेवाईकहो, आलेली प्रत टाकून देऊ नका, पण तीच खरी वही असंही समजू नका. येत्या सुट्टीत नात आणि मी पुन्हा बसणार आहोत. एकेक क्रियापद जागेवर परत ठेवणार आणि जिथे तिला अडेल तिथे मी करून दाखवणार. तिने कबूल केलंय, पण एका अटीवर: पुरणपोळीची कणीक तिंबायची कशी, ते आधी शिकवायचं.

'तिंबायची' हा शब्द तिने आपणहून वापरला बरं का!