गाडीच्या आतला छोटा पार्ट: दहा नग जरूर बनवा, पण ती क्लिप नको



मागच्या महिन्यात आपल्या बॅचमधला एक मुलगा दुकानात आला. खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्याने काउंटरवर ठेवली. सीट बेल्टची क्लिप. बेल्टच्या बकलमध्ये खोचायची ती स्टीलची जीभ, वर गाडीच्या कंपनीचा लोगो. ती खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लागला, आणि टिंग-टिंग बंद.

"सर, ही मी बनवून घेतो. एसएसमध्ये, लेझरने कापून, वर गिऱ्हाइकाचं नाव कोरून. पाचशे नग. भाईंदरला कुठला गाळा चांगला, तेवढं फक्त सांगा."

मोबाईलवर पूर्ण हिशोब करून आला होता. आणि हिशोब चुकीचा नव्हता बरं का. पत्रा जेमतेम लागतो, वाकवायचं काही नाही, एकच माप बऱ्याच गाड्यांना चालतं, आणि गिऱ्हाईक स्वतःहून मागतं. धंद्याच्या पुस्तकात 'चांगलं प्रॉडक्ट' म्हणून जे जे लिहिलेलं असतं ते सगळं त्या क्लिपमध्ये आहे.

मी नाही म्हटलं. तर तो म्हणाला, "सर, तुम्हीपण विकायचात की."

खरं आहे. मी विकल्या आहेत. दुकान सुरू केलं तेव्हा पहिल्या दोन वर्षांत मॅट आणि परफ्यूमच्या खालोखाल त्याच जायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, मी ड्रॉवर उघडायचो. विचार करायला थांबलोच नाही. बीबीएमध्ये मार्केटिंगचे चार पेपर दिले होते, त्यात 'ही वस्तू विकावी का' असा प्रश्न एकदाही आला नव्हता.

४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री यांची गाडी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर आदळली. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्या गाडीत क्लिप होती असं मी म्हणत नाही. पण तो हायवे आपला आहे. काशिमिऱ्याहून निघून वर्सोवा पूल ओलांडून आपण वसईला माल आणायला जातो तो हाच रस्ता. त्या रात्री मी ड्रॉवर उघडला तर साठ-पासष्ट क्लिपा पडलेल्या. भंगारात दिल्या असत्या तर कोणीतरी उचलून परत विकल्या असत्या, म्हणून ओळखीच्या गाळ्यात नेऊन मधोमध कापून घेतल्या आणि मग भंगारात दिल्या. गाळेवाला हसला. हसू दे.

पुढे मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायचा आदेश दिला. १३,११८ लिस्टिंग उतरवल्या गेल्या. विकणाऱ्यांची माहितीसुद्धा मागवली होती, हे लक्षात ठेवा. त्याच वेळी सरकारने आकडा दिला होता: २०२१ साली सीट बेल्ट न लावल्यामुळे देशात १६,३९७ माणसं गेली. त्यात ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी. शिवाय क्लिप लावलेली असेल तर विम्याच्या क्लेमला अडचण येऊ शकते, हेही त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही विकलेल्या वस्तूमुळे माणूस गेला, आणि मागे राहिलेल्यांना पैसेही मिळाले नाहीत, असं होऊ शकतं.

हे सगळं त्या मुलाला सांगितलं. तोंड पाडून बसला. मग मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, अरे, तुझा मूळ विचार एकदम बरोबर आहे. गाडीच्या आतला छोटा धातूचा पार्ट, गिऱ्हाइकाच्या मापाने बनवलेला. फक्त पार्ट चुकीचा निवडलास.

माझं मत स्पष्ट आहे. जे सगळीकडे मिळतं ते बनवायला जाऊ नका. जे कुठेच मिळत नाही, त्यात पैसा आहे. आमच्या दुकानात येणाऱ्या मागण्या सांगतो. जुन्या गाडीत नवीन स्टिरिओ बसवायचा आहे, पण त्या मॉडेलचं साइड ब्रॅकेट बाजारात नाही. सीटखाली ॲम्प्लिफायर बसवायला प्लेट हवी. डॅशबोर्डवरची न वापरलेली भोकं झाकायची आहेत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला पेडलजवळ रबर धरायला पट्टी पाहिजे. एक काका आहेत, त्यांनी प्रीमियर पद्मिनी जपून ठेवली आहे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, कुर्ल्याचा कारखाना तर त्याआधीच बंद. काकांना खिडकीच्या हँडलमागची एक चकती हवी होती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरले, मिळाली नाही. आपण बनवून दिली. त्यांनी भाव विचारलाच नाही, चार नग कधी मिळतील एवढंच विचारलं.

आता बनवायचं कसं. यात लोक सगळ्यात आधी 'डाय किती रुपयांत होईल' हे विचारतात. डाय विसरा. दहा-वीस नगांना लेझर कटिंग आणि प्रेस ब्रेकवर बेंडिंग, बस. आपल्या माणसांना शेजारी काय आहे याची कल्पनाच नसते. भाईंदर पूर्वेला वर्षानुवर्षं स्टीलच्या भांड्यांचं काम चालतं. तिथला बफिंगवाला डब्याचं झाकण चमकवतो तशी तुमची प्लेटही चमकवेल. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात पत्रा कापणारे, वाकवणारे, पावडर कोटिंग करणारे, सगळे आहेत. मीरा रोडहून लोकलने तीन स्टेशनं. स्क्रू-नटबोल्ट मात्र मी अजून मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवरूनच आणतो.

गाळ्यात जायच्या आधी पुठ्ठा घ्या. हो, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा. गाडीत बसून पार्ट पुठ्ठ्यात कापा, वाकवा, बसवून बघा, हात फिरवून बघा, गिअर टाकून बघा. तीन-चार पुठ्ठे फुकट गेले तरी चालतील. पुठ्ठा नीट बसला की व्हर्नियरने मापं घ्या आणि मग डीएक्सएफ फाइल बनवून घ्या, कारण लेझरवाला तीच मागतो. ती फाइल एकास एक मापात कागदावर छापा आणि परत गाडीत लावून बघा. कागदावर चुकलेलं भोक फुकटात दुरुस्त होतं.

बेंडच्या हिशोबात माझा पहिला मार खाऊन झालाय. स्टिरिओचं ब्रॅकेट होतं, एल आकाराचं, २ मिमी पत्रा. बाहेरून एक बाजू ४० मिमी, दुसरी ३०. मी सरळ ७० मिमी लांबीची पट्टी कापायला दिली. वाकवल्यावर बाहेरची मापं मिळून साडेतीन मिमीच्या आसपास जास्त आली. डबल डिन स्टिरिओची खाच साधारण १८० बाय १०० मिमीची, तिथे साडेतीन मिमी म्हणजे पार्ट भंगार. कारण सोपं आहे: वाकताना पत्रा कोपऱ्यात गोल फिरतो, आणि आपण मापं मोजतो टोकदार कोपरा धरून. आत २ मिमी गोलाई असेल तर ७० साठी सपाट पट्टी साधारण ६६.४ ठेवावी लागते. हा आकडा मशीनच्या डायप्रमाणे बदलतो, म्हणून गाळेवाल्यालाच विचारा, 'तुमच्याकडे २ मिमीला किती वजा करता?' त्याने लगेच आकडा सांगितला तर माणूस कामाचा. 'होईल साहेब बरोबर' म्हणाला तर आधी एकच नग करा. आणि भोक बेंडच्या अगदी जवळ घेऊ नका, वाकताना ते अंडाकृती होतं.

धातू कोणता? १०० बाय ५० बाय २ मिमीची प्लेट लोखंडाची असेल तर ७८ ग्रॅमच्या पुढे जाते, ॲल्युमिनियमची २७ ग्रॅम. प्लॅस्टिकच्या डॅशबोर्डला लटकणाऱ्या गोष्टीसाठी हा फरक मोठा आहे. पण ॲम्प्लिफायरच्या प्लेटला मी लोखंडच घेतो आणि पावडर कोटिंग करतो. आपल्याकडे खाडीची हवा, उघडं लोखंड पहिल्याच पावसाळ्यात तांबडं होतं. कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो आणि तो भोकाच्या आतही बसतो. म्हणजे भोक सव्वा-दीड दशांश मिमीने बारीक होतं. स्क्रू अगदी फिट मापाने दिला असेल तर जाणार नाही. आटे पाडलेली भोकं कोटिंगआधी झाकून घ्यायला सांगा. रबर किंवा प्लॅस्टिकची क्लिप आधीच बसवून कोटिंगला देऊ नका, भट्टी १८० ते २०० अंशांची असते. (हे सांगायला नको असं वाटेल. एकाने दिली होती.)

डॅशबोर्डच्या वरच्या भागावर चमकदार एसएस लावू नका. उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतं. बफिंग छान दिसतं, पण ते खाली कन्सोलजवळ. वर मॅट काळा.

आणि आता कडा. इथे मी जरा जास्त बोलणार. मी एकदा मोबाईल ठेवायचे चाळीस ट्रे बनवून घेतले. दिसायला झकास. ड्रॉइंगवर 'बर काढणे, कडा गोल करणे' हे लिहायचं मी विसरलो. लेझरने कापलेली कड हाताला पात्यासारखी लागते. आठ दिवसांत एक गिऱ्हाईक परत आलं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचं बोट कापलं होतं. ते भांडले नाहीत. नुसता ट्रे काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "दादा, बघा जरा." विकलेले सगळे ट्रे फोन करकरून परत मागवले, सतरापैकी पंधरा आले. पैसे परत दिले. दोन गिऱ्हाइकांचे नंबर लागलेच नाहीत, त्याची टोचणी अजून आहे.

त्यानंतर वाचलं तेव्हा कळलं की गाड्यांच्या कंपन्यांना यासाठी नियम असतात. भारतात आतल्या फिटिंगसाठी एआयएस-०४७ नावाचं मानक आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २१ नंबरच्या नियमात, डोकं आदळू शकेल अशा भागातल्या कडांना किमान २.५ मिमी गोलाई सांगितली आहे. आता २ मिमी पत्र्याच्या उघड्या कडेला एवढी गोलाई येणारच कशी? म्हणून कड माणसाच्या दिशेला ठेवायचीच नाही. पत्रा आत वळवायचा. आत २ मिमी गोलाईचं बेंड घेतलं की बाहेरून ४ मिमी गोलाई मिळते, आणि माणसासमोर बेंडची पाठ येते. एक बेंड वाढतं, नगामागे खर्च थोडा वाढतो. तो खर्च भावात धरा. गिऱ्हाइकाला बोट फिरवून दाखवा, तो देतो.

काही जागा मात्र मी घेतच नाही. २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये पुढच्या प्रवाशासमोरही एअरबॅग असते. तिच्या झाकणावर किंवा जवळ धातूचं काहीही लावायचं नाही, मूर्तीचा स्टँडसुद्धा नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते, समोर जे असेल ते चेहऱ्याकडे फेकलं जातं. स्टिअरिंगच्या मधोमध नाही. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथे नाही. सीट बेल्टच्या बोल्टखाली आपली प्लेट घालायची नाही, कितीही सोयीची जागा वाटली तरी. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, समोरचा दुकानदार लावून देतो." देऊ दे. मी त्यांना त्या दुकानाचा पत्ताही सांगत नाही.

पैशाचं थोडक्यात. दहा नगांत पत्र्याची किंमत नगण्य असते, तुम्ही पैसे देता ते मशीन लावायच्या वेळेचे. समजा सेटिंग, फाइल आणि पहिला नमुना मिळून हजार रुपये झाले. एक नग केला तर त्याच्यावर हजार, दहा केले तर शंभर. म्हणून गिऱ्हाईक एक मागतं तेव्हा त्याच मॉडेलच्या गाडीवाल्यांना विचारून घ्या, पाच-सहा जमले की काम सुरू करा. आगाऊ निम्मे घ्या, कारण दुसऱ्याच्या मापाचा पार्ट तिसऱ्याला विकता येत नाही. आणि गाळेवाल्याला लटकवू नका. तुमचं दहा नगांचं काम तो दहा हजारांच्या कामामध्ये घुसवून देतो ते केवळ तुम्ही रोख आणि वेळेवर देता म्हणून. मी माल उचलतानाच पैसे देतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातसुद्धा माझं काम झालंय ते त्यामुळेच.

तो मुलगा परवा परत आला. पिशवीत तीन पुठ्ठे होते. त्याच्या मामांची व्हॅन आहे, शाळेची मुलं नेतात. ड्रायव्हरच्या सीटमागे अग्निशामक सिलिंडर नुसता दोरीने बांधलेला असतो, त्याच्यासाठी ब्रॅकेट. पहिल्या दोन पुठ्ठ्यांवर माप चुकलेलं, तिसरा बसत होता. मी विचारलं, मुलांचे गुडघे कुठे येतात? त्याने ते बघितलंच नव्हतं. चौथा पुठ्ठा घेऊन शनिवारी येतोय. व्हॅनसकट या म्हटलंय, तिथेच व्हिडिओ करू.