सुट्टी मुलांना, प्रश्न फक्त आईला



मे महिन्यात महिला कर्मचारी रजा टाकतात आणि कामाचा भार पुरुषांवर पडतो, ही आपल्या एका वाचकाने पत्रात केलेली तक्रार मला अजिबात मान्य नाही. शाळेला सुट्टी लागली की मूल जाणार कुठे? माझी मुलगी सहा वर्षांची असताना अख्खा उन्हाळा माझ्या टेबलाशेजारी बसून असे. डब्यात कैरीच्या फोडी, तिखट-मिठाची पुडी, चित्रांसाठी पाठकोरे कागद. तिचा पहिला दात तिथेच पडला. तो तिने टाचण्यांच्या डबीत जपून ठेवला. ‘घरी कुणी नाही का?’ असे साहेब मला रोज विचारत. तिच्या बाबांना त्यांच्या कचेरीत हे कुणी एकदाही विचारले नाही. माझा राग आहे तो याचा.

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले. पन्नासांच्या मोजणीत पुरुषही येतात. पण दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मात्र आईलाच! केंद्र सरकारी नोकरीत बाळाच्या जन्मानंतर बापाला रजा १५ दिवसांची.

पत्रलेखकांना मुले असतील, तर येत्या मे महिन्यात आठवडाभराची रजा त्यांनी टाकावी, ही माझी मनापासून विनंती.

– एक नोकरदार आई, पुणे